यादी तिची, पासवर्ड पप्पांचा

पत्र

नमस्कार मॅडम,

आम्ही कराडजवळ राहतो. एकच मुलगी, यंदा बारावी झाली. सीईटीला पीसीएममध्ये 94 पर्सेंटाइल आहेत. तिला सिव्हिल करायचंय आणि हे आजचं नाही. माझं माहेर सांगलीचं. 2019 च्या महापुरात ती आजोळी अडकली होती, तेव्हापासून आयर्विन पुलाची पाणीपातळी, कोयनेचा विसर्ग याचंच तिला वेड. तिने मागच्या वर्षीचे कटऑफ बघून वहीत बावीस पर्यायांची यादी केली होती, वर सगळं सिव्हिल. तिघांनी बसून ती फॉर्ममध्ये भरली. कन्फर्म सकाळी करायचं ठरलं.

रात्री मी पाणी प्यायला उठले तर हे लॅपटॉपवर. पुण्याकडची कॉम्प्युटर आणि एआयची कॉलेजं त्यांनी वर घेतली, सिव्हिल अठराव्या नंबरपासून खाली गेलं आणि फॉर्म कन्फर्म झाला. पासवर्ड त्यांच्याकडे, मोबाइल नंबरही त्यांचाच दिलाय. मी पाहिलं, पण काही बोलले नाही.

पहिल्या फेरीत सातव्या नंबरचं कॉलेज लागलं, पुण्याबाहेरचं एक खाजगी, कॉम्प्युटरला. तेव्हा मुलीला कळलं. भांडली नाही, रडली नाही. वही माळ्यावर टाकली. काही विचारलं की म्हणते, "तुम्हाला काय हवंय ते भरा." पप्पांशी एक शब्द बोलत नाही. हे म्हणतात, चार दिवसांत ताळ्यावर येईल, नोकरी लागली की पाया पडेल.

ह्यांचा स्वतःचा डिप्लोमा सिव्हिलचा आहे. पाच-सहा वर्षं साइटवर होते, आता हार्डवेअरचं दुकान आहे. त्या दिवसांबद्दल घरात कधी बोलत नाहीत. त्यांचे एक मित्र म्हणतात, मॅनेजमेंटमधून चांगल्या कॉलेजला कॉम्प्युटर करून देतो. त्यासाठी माझ्या वाट्याची सात गुंठे विकावी लागतील. आम्ही ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत. दुसऱ्या फेरीचा फॉर्म दोन-तीन दिवसांत सुरू होईल. मी काय करू?

– एक आई

उत्तर

ताई,

हे उत्तर सदरात छापून यायच्या आधीच तुम्हाला मेलवर पाठवतेय. तुमच्या घरातला अबोला आठवडाभर थांबेल, दुसऱ्या फेरीचा फॉर्म थांबणार नाही. म्हणून आधी फॉर्मचं बोलू, माणसांचं मागाहून.

सातवा नंबर लागला हे तुमचं नशीब समजा. 2025 च्या प्रवेशांपासून इंजिनिअरिंगच्या कॅपला, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेला, चार फेऱ्या झाल्या आणि त्याबरोबर एक अट आली, जी बऱ्याच पालकांना सीट लागल्यावरच कळते. पहिल्या फेरीत यादीतला पहिलाच पर्याय लागला, तर सीट आपोआप फ्रीज होते, म्हणजे तीच पक्की धरली जाते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणताही लागला तर तसंच. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. चौथीत जे लागेल ते. फ्रीज झालेली सीट घेतली नाही तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाहेर. तुमच्या मिस्टरांनी त्या रात्री पहिल्या नंबरवर जे कॉलेज बसवलं ते लागलं असतं, तर मी आज तुम्हाला सांत्वनाचं पत्र लिहिलं असतं, सल्ल्याचं नाही.

सातवा लागलाय, म्हणून दार उघडं आहे. मिळालेली जागा स्वीकारायची, पण फ्रीज करायची नाही आणि दुसऱ्या फेरीत बेटरमेंटसाठी, म्हणजे आणखी वरच्या पसंतीच्या जागेसाठी, जायचं. म्हणजे हातात एक जागा राहते आणि नवी यादी नव्याने भरता येते. मुलगी रागाने "मला काहीच नको" म्हणाली तरी ही जागा सोडून देऊ नका. नवी यादी भरताना एवढंच बघा, की हातातल्या जागेपेक्षा जे कमी आवडतं ते त्यात घालायचंच नाही. नियम दरवर्षी थोडेफार हलतात, तेव्हा सीईटी सेलच्या संकेतस्थळावरची यंदाची माहितीपुस्तिका उघडा आणि ते पान स्वतः वाचा. शंका राहिली तर सुविधा केंद्रात जाऊन विचारा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेलं निळ्या चौकटीतलं ज्ञान बाजूला ठेवा.

आता यादीबद्दल. अॅलॉटमेंट करणारा संगणक यादी कशी वाचतो, हे पुष्कळ घरांत कोणालाच नीट माहीत नसतं. तो वरून सुरुवात करतो. पहिल्या पर्यायाला मुलीचा मेरिट नंबर पुरतो का? नाही. दुसऱ्याला? नाही. जिथे पुरतो तिथे थांबतो, त्याखालचं वाचतच नाही. वर अवघड कॉलेज लिहिलं म्हणून खालच्या कॉलेजची संधी कणभरही कमी होत नाही. तरी दर जुलैत कुणीतरी काका भेटतोच, "वरचे नंबर वाया घालवू नका, लागण्यासारखं वर लिहा" असं सांगणारा. त्याचं ऐकलं की लागण्यासारखं लागतं, आणि आता तर फ्रीजही होतं. दुसऱ्या फेरीसाठी साधा हिशेब: पहिल्या तीन ओळींत फक्त तेच, जे लागलं तर तुमची मुलगी त्याच दिवशी बॅग भरायला घेईल. मग ते 1854 पासूनचं पुण्याचं सीओईपी असो, 1947 चं सांगलीचं वालचंद असो की तुमच्या दारातलं, 1960 सालचं कराडचं शासकीय अभियांत्रिकी. क्रम तिने लावायचा.

कटऑफची पीडीएफ तिने बघितली आहेच, पण तुम्हा दोघांनीही एकदा तिच्या शेजारी बसून बघा. मी पाहिलेले बहुतेक वडील त्यात फक्त ओपनचा रकाना वाचतात आणि घाबरतात. तिथे जीओबीसीएच, एलओबीसीएच, जीओबीसीओ असे कोड असतात. सुरुवातीचा एल म्हणजे मुलींसाठी राखीव 30 टक्क्यांतली जागा, जी म्हणजे सर्वसाधारण. शेवटचा एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी; सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांसाठी ती शिवाजी विद्यापीठ. शेवटी ओ असेल तर बाहेरच्या विद्यापीठातल्यांसाठी, एस असेल तर राज्यपातळीवरची जागा. एकाच कॉलेजच्या एकाच शाखेचे दोन कोड घेतले तरी कटऑफमध्ये बराच फरक दिसतो. तुमच्या मुलीने हे सगळं आधीच वहीत उतरवलेलं असण्याची मला दाट शंका आहे. बावीस ओळींची यादी करणारी पोर कोड न वाचता ती करत नाही.

आता माणसांचं.

मी सत्तावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं आणि त्यातले बरेचसे जून-जुलै मदत कक्षाच्या टेबलामागे काढले. एक दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही. सायबर कॅफेतली चार बाय चारची केबिन. खुर्चीवर ऑपरेटर, त्याच्या खांद्याशी वडील, वडिलांच्या हातात लाल पेनाने नंबर घातलेला फुलस्केप. मुलगी मागे, दाराला टेकून उभी, कारण आत तिसऱ्याला जागाच नाही. मी शेजारच्या मशिनवर कुणाचातरी दाखला स्कॅन करत होते. ऑपरेटर एकेक कोड टाकत गेला, वडील वाचून दाखवत गेले. शेवटी त्याने मान वळवून विचारलं, "कन्फर्म करू?" विचारलं वडिलांना. वडील म्हणाले, "कर." त्या पोरीने मान तिरकी करून स्क्रीनवरचं पहिलं नाव वाचायचा प्रयत्न केला, तेवढ्यात पान बदललं. पुढं तिचं काय झालं मला माहीत नाही. बरं झालं असेल, नसेलही. पण "कर" हा शब्द कुणी म्हणायचा, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा इतकं स्पष्ट दिसलं.

मी काही मोठी शहाणी नाही. माझ्या मुलाच्या वेळी मी फॉर्म नाही बदलला. त्याहून लबाड काम केलं. रोज जेवताना एक मुलगा ताटावर आणून बसवायचे. आज देशपांड्यांचा, उद्या पलीकडच्या वहिनींच्या बहिणीचा. सगळे आमच्या पसंतीच्या शाखेतले आणि सगळ्यांचं उत्तम चाललेलं. पंधरा दिवसांनी तो शांतपणे म्हणाला, "आई, आज कोण येणारे जेवायला?" तेव्हा मी थांबले.

तुमच्या मिस्टरांवर रागवायला मला सोपं आहे आणि रागावतेही: त्यांनी केलं ते चूक आहे. अर्ज मुलीच्या नावाचा, मेरिट नंबर तिचा, चार वर्षं वर्गात बसणार ती. तिच्या नकळत रात्री क्रम बदलणं याला प्रेम म्हणायची माझी तयारी नाही. "नोकरी लागली की पाया पडेल" हे वाक्य त्यांनी पुन्हा उच्चारू नये, एवढंही बघा. पण तुमच्या पत्रातली एक ओळ मला त्यांच्या बाजूला खेचते. स्वतः डिप्लोमा सिव्हिल, पाच-सहा वर्षं साइटवर, आणि त्याबद्दल घरात कधी अवाक्षर नाही.

माझा धाकटा भाऊ याच वाटेने गेलाय, म्हणून काही गोष्टी मला घरात बसून माहीत आहेत. पत्र्याची खोली, उन्हाळ्यात तिच्यात दुपारी बसवत नाही. स्लॅब पडायचा असला की रात्रभर जाग. सेंट्रिंग नीट बसलं नाही म्हणून मुकादमाशी वाद, आणि वाद घातला म्हणून कंत्राटदाराच्या शिव्या. मेजरमेंट बुकात, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमापाच्या वहीत, साहेब सही करेना, म्हणजे कंत्राटदाराचं रनिंग बिल अडकलं, म्हणजे याचा पगार अडकला. दिवाळीला तीन महिन्यांचा पगार बाकी आणि हा आईला सांगायचा, "बँकेत जमा झालाय, सुट्टीमुळे काढता येत नाही." बहीण असूनही हे मला दहा वर्षांनी कळलं. तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत नेमकं काय घडलं ते मी सांगू शकत नाही. पण सिव्हिल शिकलेला माणूस रात्री उठून आपल्या लेकीच्या यादीतलं सिव्हिल खाली ढकलतो, तेव्हा त्याला बाजारातल्या पॅकेजपेक्षा दुसरं काहीतरी आठवत असतं. ते त्याने बोलायला हवं होतं. त्याने टाइप केलं.

तेव्हा त्यांना माझ्यातर्फे दोन कामं सांगा. पहिलं: मुलीपुढे "मी चुकलो" म्हणायचं आणि तिथेच थांबायचं. "पण तुझ्या भल्यासाठी" वगैरे जोडायचं नाही. त्यांना जड जाईल. सातारा-सांगलीकडच्या बापांना हा शब्द लहानपणापासून कुणी शिकवलेलाच नसतो, माझ्या वडिलांनाही नव्हता. दुसरं: तिला मोटारसायकलवर बसवून त्यांनी काम केलेल्या एखाद्या साइटवर घेऊन जायचं. जवळपास कुठेतरी त्यांच्या देखरेखीखाली उभी राहिलेली पाण्याची टाकी असेल, साकव असेल, शाळेच्या दोन खोल्या असतील. तिथे उभं राहून सांगायचं, हे मी केलं, इथे माझे इतके पैसे बुडाले, इथे मी ठरवलं की पुरे झालं. सल्ला द्यायचा नाही, फक्त जे घडलं ते सांगायचं. अठरा वर्षांत तिला बापाचा हा भाग कुणी दाखवलाच नाही. ते ऐकून ती कॉम्प्युटर घेईल असं मी म्हणत नाही. ती म्हणू शकेल, "पप्पा, तुम्ही कंत्राटदाराकडे होता, मला दुसरीकडे जायचंय." तेही त्यांना ऐकावं लागेल.

आणि तुम्ही, ताई. "मी पाहिलं, पण काही बोलले नाही." सगळ्या पत्रातलं हे सर्वांत लहान वाक्य, आणि मी ते सर्वांत जास्त वेळा वाचलं. तुमच्या मुलीचा अबोला फक्त वडिलांशी आहे, कारण तिला अर्धीच गोष्ट माहीत आहे. तुम्ही दारात उभ्या होतात, हे तिला ठाऊक नाही. त्यामुळे आज घरात ते गुन्हेगार आणि तुम्ही मध्यस्थ, अशी वाटणी झालीय आणि ती खरी नाही. ह्यांनी माफी मागायच्या आधी तुम्ही तिला सांगा की त्या रात्री मी जागी होते, मलाही कॉम्प्युटर बरं वाटत होतं म्हणून मी परत झोपायला गेले. ती चिडेल. कदाचित तुमच्याशीही बोलणं बंद करेल, एक-दोन दिवस. पण हे तिला पुढे कधीतरी दिवाळीच्या फराळाच्या गप्पांत ह्यांच्या तोंडून कळलं तर त्याचं काय होईल, याचा विचार करा.

"तुम्हाला काय हवंय ते भरा" हे तिचं वाक्य परवानगी समजू नका. ती काय म्हणतेय ते तुम्हालाही कळलंय, नाहीतर पत्र लिहिलं नसतं. माळ्यावरची वही तुम्ही खाली काढू नका, तिच्या उशाशी ठेवू नका, तसले सिनेमातले प्रकार नकोत. लॅपटॉप तिच्या हातात द्या आणि तिला पासवर्ड बदलू द्या. नवा पासवर्ड तुम्हा दोघांना माहीत नसला तरी बिघडत नाही. नोंदवलेला मोबाइल नंबर बदलता येतो का, ते सुविधा केंद्रात विचारा. नाहीच आला बदलता, तर त्या दोन-तीन दिवसांत फोन घरात टेबलावर राहील, ह्यांच्या खिशात नाही. फॉर्मची शेवटची तारीख आणि वेळ एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा आणि एकदाच सांगा. रोज आठवण करायची नाही. वही कधी खाली आणायची ते तिचं ती बघेल.

आता मुलीच्या बाजूचा एक प्रश्न, तो तुम्ही विचारू नका, हे उत्तर तिलाच वाचायला द्या.

बाळा, तुझं वेड सिव्हिलचं आहे की पाण्याचं? दोन्ही असेल तर उत्तमच. आयर्विनला 40 फूट झालं की इशारा पातळी आणि 45 ला धोका पातळी, हे सांगलीतलं शेंबडं पोरही सांगतं. 2019 ला ती 57 च्या पुढे गेली. पण हे 40 आणि 45 कुणी ठरवलं, कशावरून, कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीला किती तासांनी पोचतं, सांगलीच्या जरा पुढे हरिपूरला वारणेचं पाणी येऊन मिळतं तेव्हा काय होतं, हे ज्यांना कळतं ती माणसं जलशास्त्रवाली. त्यांतले पुष्कळ सिव्हिल करून पुढे तिकडे वळलेत. त्यांचा बराचसा दिवस साइटवर नाही, आकडेवारी आणि मॉडेल चालवण्यात जातो, म्हणजे तुझ्या पप्पांना आवडणारं कॉम्प्युटरही त्यात आहेच. खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था 1916 पासून हेच करतेय. तिथे धरणांच्या आणि नद्यांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यातून पाणी सोडून बघतात. रुरकीच्या आयआयटीत जलविज्ञानाचा वेगळा विभाग आहे. 2019 च्या पुरानंतर राज्य सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, तिचा अहवाल तू पाहिला आहेस का? नसशील तर पाहा. कंटाळा आला तर तीही माहिती उपयोगाची आहे.

आणि सिव्हिलमध्ये रस्ते, काँक्रीट, माती, इस्टिमेट हे सगळंही तितकंच असतं. पहिली दोन वर्षं तुला पूर दिसणारच नाही, बीम दिसतील. कराडच्या शासकीय कॉलेजात सिव्हिलला शेवटच्या वर्षाला असलेली एखादी मुलगी गाठ आणि तिला विचार: साइट व्हिजिटला बाथरूमचं काय करतेस, कॅम्पसला कोण येतं, तुझ्या वर्गातले किती जण शेवटी सॉफ्टवेअरला गेले. प्रामाणिक उत्तरं मिळतील, मुली एकमेकींशी खोटं कमी बोलतात. एमपीएससी आणि जलसंपदा खात्याच्या परीक्षा हा रस्ता आहे, पण तो लांब आणि गर्दीचा आहे. तेही तुझ्या वहीत एका पानावर लिही. पप्पांची भीती खोटी नाही. तिला उत्तर तुझ्याकडे तयार असलं पाहिजे, आणि बऱ्याच स्वायत्त कॉलेजांत सिव्हिलबरोबर कॉम्प्युटरकडचे विषय मायनर, म्हणजे जोडविषय, म्हणून घेता येतात, हा त्या उत्तराचा एक भाग होऊ शकतो.

हे सगळं पाहून तू उद्या म्हणालीस की नाही, कॉम्प्युटरच बरं, तरी मला वाईट वाटणार नाही. यादी तुझ्या हाताने भरलेली असली की झालं.

परत तुमच्याकडे, ताई. सात गुंठ्यांचं आता लवकर उरकते, कारण त्यात वादाला फारशी जागा नाही. जमीन विकू नका. जुलै 2024 मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला: व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी ओबीसी मुलींना निम्मी सवलत होती, ती शंभर टक्के झाली. तुमची मुलगी त्यात थेट बसते. अट एकच मोठी आहे: मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्था स्तरावर घेतलेल्या प्रवेशाला ही माफी नाही. म्हणजे ते स्नेही तुमची जमीन विकायला लावून वर तुमची माफीही घालवतायत. कॅपमधून लागलेल्या जागेवर तुम्हाला मेस, राहणं आणि बाकीची किरकोळ शुल्कं भरावी लागतील. शिक्षण शुल्काच्या माफीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर करायचा, प्रवेश झाला की लगेच.

आणि "करून देतो" म्हणजे नेमकं काय, हे त्या स्नेह्यांना विचारा. खाजगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, कॉलेजवार आकडे त्यांच्या संकेतस्थळावर असतात. त्याच्यावर एक रुपयाही मागितला तर ते कॅपिटेशन, आणि महाराष्ट्रात त्याला 1987 पासून कायद्याने बंदी आहे. पावती मिळणार का, कुणाच्या नावाची, एवढं विचारलं की अशा स्नेह्यांना बहुतेक वेळा दुसरा फोन येतो.

मिस्टरांशी बोलताना हा मुद्दा आधी काढा, माफीचा नंतर. पैशाची काळजी खांद्यावरून उतरली की माणूस जरा सैल होतो. माझा अंदाज असा, की त्यांच्या रात्री उठण्यामागे सात गुंठ्यांचंही ओझं असणार. बायकोची जमीन विकायची, ती निदान "पैसे देणाऱ्या" शाखेसाठी, असा काहीतरी हिशेब डोक्यात असेल. चूक असेन तर सोडून द्या.

दुसऱ्या फेरीचा फॉर्म कन्फर्म करायचा तो दिवसा, सकाळचा चहा झाल्यावर. रात्री अकरानंतर लॅपटॉपला हात नाही, कुणाचाच. ती टाइप करेल, तुम्ही दोघं मागे उभं राहिलात तरी चालेल, पण "हे वर घे, ते खाली घे" नाही. काही सांगायचंच असेल तर आदल्या दिवशी, दिवसाउजेडी, तिने विचारलं तर. कन्फर्म झाल्यावर प्रिंट काढा आणि तिच्याच फाइलला लावा.

एक राहिलंच. मुलीच्या नॉन-क्रिमिलेअर दाखल्यावरची मुदत आत्ता उठून बघा. प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या 31 मार्चपर्यंत तो चालू लागतो, आणि दर वर्षी निम्मी रडारड मदत कक्षात याच एका तारखेवरून होते. जुना निघाला तर आजच सेतू केंद्रात जा. जात पडताळणीचं प्रमाणपत्रही त्याच फाइलमध्ये आहे ना, तेही बघून घ्या.